न फोडता टंच

हणमंतआण्णांना कुठलाही आकडा सांगितला की ते आधी एकच विचारायचे, "मोजला कुनी?" नर्सने रक्तदाब सांगितला तरी हेच, वजन सांगितलं तरी हेच. त्याला पुरवणीही असायची. "जिना चडून आल्यावर मोजला का बसल्यावर? चपला काडून का घालून?" एकदा आमच्या बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर जिल्ह्यात किती पाऊस पडला ते सांगत होते. आण्णा शेजारच्या पेशंटला म्हणाले, "मोजायच्या डब्याला भोक नसलं म्हंजी मिळवली." नर्सा वैतागायच्या. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून आवडले, कारण माझं कामच मोजण्याचं होतं आणि आजवर कुणी पेशंटने त्याबद्दल मला काही विचारलं नव्हतं.

मी सांगलीतल्या एका कॅन्सर रुग्णालयात सीटी स्कॅनच्या विभागात तंत्रज्ञ आहे. मशीनवर पेशंट घ्यायचे, चित्रं काढायची, डॉक्टरांकडे पाठवायची, हे रोजचं काम. त्यात दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक अभ्यास आमच्याकडे आला. सीटीत छातीचे पातळ पातळ काप दिसतात. प्रत्येक कापावर गाठीच्या कडेने मी माऊसने रेघ ओढायची. मग संगणक त्या रेघा एकावर एक रचून गाठ केवढी आहे ते सांगायचा. शिवाय ती कुठे दाट आहे, कुठे विरळ, तिची कड कशी आहे, असे शंभराच्या वर आकडे काढून द्यायचा. त्या आकड्यांवरून कुठली गाठ औषधाला दाद देईल आणि कुठली देणार नाही, हे आधीच ओळखता येतं का, ते बघायचं होतं. एका गाठीला माझा अर्धा दिवस जायचा. डोळ्यांतून पाणी यायचं आणि घरी गेल्यावर पोळीच्या कडेलाही रेघ दिसायची.

आण्णा मायणीच्या पुढच्या एका गावचे. त्या भागातले पुष्कळ लोक गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणं म्हणजे गलाई. त्यासाठी ही माणसं देशभर कुठल्या कुठल्या गावी जाऊन भट्टी मांडून बसतात. आण्णा सोळाव्या वर्षी गाव सोडून तामिळनाडूत गेले आणि पंचेचाळीस वर्षं तिथेच राहिले. लग्न झालं, पण बायको गावाकडे राहिली. जमीन होती, म्हशी होत्या, आण्णांची आई होती. मूलबाळ झालं नाही. आण्णा वर्षातून एकदा गावी यायचे आणि परत भट्टीवर जायचे. खोकला सुरू झाला तेव्हा तिकडेच सहा महिने क्षयाची औषधं चालली. ती संपली तरी खोकला संपला नाही, तेव्हा पुतण्याने थेट सांगलीला आणलं. पुतण्याची विश्रामबागेत एक खोली होती. आण्णा तिथे राहायचे आणि चालत रुग्णालयात यायचे.

आण्णा विडी ओढत नसत. डॉक्टरांनी तीन तीनदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "भट्टीचा ओडला तेवडा बास झाला की. वर इडी कशाला?"

त्यांचा पहिला स्कॅन मी केला. श्रावणातला सोमवार होता आणि बाहेर सतरा जण बसलेले होते. आमच्या मशीनमध्ये एक रेकॉर्ड केलेला आवाज आहे, तो हिंदीत सांगतो, "साँस लीजिए. साँस रोकिए." मग पंधरा सेकंदांत काम होतं. त्या पंधरा सेकंदांत तंत्रज्ञाने काचेतून पेशंटच्या छातीकडे बघायचं असतं. त्या दिवशी मी बघितलं नाही. पुढच्या पेशंटचे कागद चाळत होते. हे पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

नंतर सुईने गाठीचा तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर आहे हे नक्की झालं. तो रिपोर्ट हातात घेऊन आण्णा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, रडतील. ते म्हणाले, "ताई, नमुना कुटल्या कोपऱ्यातनं काडला?"

मला प्रश्न कळला नाही. मग ते स्टुलावर बसले आणि मला समजावून सांगायला लागले. सोनं आटवून लगड ओतली की तिचा टंच बघतात, म्हणजे तिच्यात शुद्ध सोनं किती ते. त्यासाठी लगडीचा एक कण कापून घेतात. पण ओतताना नीट ढवळलं नसेल तर लगडीचा एक कोपरा चोख निघतो आणि मधला भाग हलका. "एका कोपऱ्याचा टंच म्हंजी लगडीचा टंच न्हवं. कच्चा कारागीर तितंच फसतो. माज्या गाठीचा बी एकाच कोपऱ्यातनं कन घेतलाय. बाकीची गाठ कशी हाय ते कुनी बगितलं?"

मी थक्क झाले. आमच्या अभ्यासाच्या पहिल्या बैठकीत पुण्याच्या तज्ज्ञांनी तासभर बोलून हेच सांगितलं होतं. सुई एकाच जागेचं सांगते, चित्र सगळ्या गाठीचं सांगतं. मी आण्णांना पडद्यावर त्यांची गाठ दाखवली. रेघा कशा ओढते ते दाखवलं. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात होती, कडेला जरा विस्कटलेली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजी न फोडता टंच." मग म्हणाले, "आमच्या धंद्यात ह्ये अजून कुनाला जमलं न्हाई बगा."

अभ्यासात सामील व्हायची संमती त्यांनी लगेच दिली. सही करताना विचारलं, "ह्याचा उपेग मला हुनार का?" मी खरं ते सांगितलं, की बहुतेक नाही, पुढच्या पेशंटांना होईल. "हुं द्या की. माज्या जोडीची लय पोरं अजून तेजाब हुंगत बसल्यात." तेजाब म्हणजे सोनं शुद्ध करायला वापरतात ते ॲसिड.

मोठ्या डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. तीन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा औषध शिरेतून द्यायचं, मग पुन्हा स्कॅन. आण्णा हात जोडून म्हणाले, "सायेब, एक करा. गाठ कमी हुत असंल तर म्हनाल तेवड्या सुया घालून घेतो. हुत नसंल तर मला लगीच घरी सोडा. पंचेचाळीस वर्सं बायकू गावाला आन् मी भट्टीला. पुडं जे काय दिस असतील ते तिचं, असा शबूद दिलाय." डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, तसंच करू. मी तिथेच उभी होते. गाठ कमी झाली की नाही, यावर आण्णांचे उरलेले दिवस कुणाच्या वाट्याला जाणार ते ठरणार होतं, आणि गाठ मोजणारी मी होते. तेव्हा हे माझ्या डोक्यात नीट शिरलं नाही.

औषध सुरू झालं. सलाइन संपलं की आण्णा माझ्या खोलीत येऊन बसायचे, आणि मधल्या दिवसांतही चालत यायचे. खोली एवढीशी, तिसरा माणूस आला तर दार लागत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी पंखा बंद करायला लावला. "मोजायच्या जागंला वारं नगं." त्यांच्या दुकानात तराजू काचेच्या पेटीत असायचा आणि वजन करताना गिऱ्हाइकाला बोलायचीही बंदी होती. मी म्हटलं, आण्णा, माऊसला वारा लागत नाही. ते म्हणाले, "तुमाला लागतो न्हवं?" मग आम्ही दोघंही घामाघूम होऊन बसायचो.

त्यांची नजर भलतीच तयार होती. एकदा दुसऱ्याच कुणाच्या चित्रावर मी रेघ ओढत होते. आण्णा हळूच म्हणाले, "ताई, त्यवडी रक्ताची नळी हाय. गाठ न्हाई." वरखालचे काप बघितले, तर ते बरोबर होते. माझ्या रेघा नंतर आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम तपासायच्या. त्या आठवड्यात त्यांनी मला शाबासकी दिली आणि मी ती गुपचूप घेतली. आण्णांना हे सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. हसताना खोकला आला, तर तोंडाला पंचा लावून भिंतीकडे वळले.

बायकोचा, सुमनकाकूंचा, रोज दुपारी फोन यायचा. आण्णांची आई नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे काकूंना घर सोडून सांगलीला येणं शक्य नव्हतं. आण्णा फोन कानापासून लांब धरून बोलायचे, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू यायचं. "कवा येतायसा?" "मोजनी झाली की सांगतो." "दिवाळीला याल न्हवं?" "मोजनी काय म्हनती ते बगू." फोन ठेवल्यावर एकदा मला म्हणाले, "तिचा आवाजच मला जास्त ठावं हाय, ताई. त्वांड कमीच बगितलं."

दिवाळीच्या दहा दिवस आधी दुसरा स्कॅन झाला. आता आण्णा माझे झाले होते. मशीनमधल्या हिंदी आवाजावर मी त्यांना सोडणार नव्हते. मी आत गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "आण्णा, छाती भरून श्वास घ्यायचा, जेवढा मावेल तेवढा, आणि धरून ठेवायचा." दोनदा करून घेतलं. त्यांनी शहाण्या मुलासारखं केलं. स्कॅन सुरेख आला.

त्याच दिवशी मी हातातलं बाकी सगळं बाजूला ठेवून रेघा ओढल्या. पहिल्या वेळी गाठ बेचाळीस सीसी भरली होती. या वेळी एकतीस. मी पुन्हा मोजलं, एकतीसच. खरं तर हा आकडा पेशंटला सांगायचा माझा अधिकार नव्हता. मॅडमचा रिपोर्ट व्हायचा, मग डॉक्टर सांगणार. पण मी धावत गेले. आण्णा जिन्याखालच्या बाकावर बसले होते. मी म्हटलं, "आण्णा, कमी झाली. एकतीस."

"मोजला कुनी?"

"मी."

"मग खरा," ते म्हणाले.

मॅडमचा रिपोर्टही तसाच आला. त्यांच्यापुढेही तीच दोन चित्रं होती आणि दुसऱ्यातली गाठ पहिल्यापेक्षा लहान दिसत होती. डॉक्टर खूश झाले आणि तेच औषध पुढे चालू ठेवलं. आण्णांनी काकूंना फोन लावला. "आकडा कमी आलाय. आता मदीच कसं सोडू?" पलीकडून काकू म्हणाल्या, "ऱ्हावा मग. बरं हून या." दिवाळी आण्णांनी पुतण्याच्या खोलीत काढली. पाडव्याला मी त्यांना भेटायला गेले, तर ते बादली जवळ घेऊन झोपले होते.

पुढचे तीन महिने त्यांनी जे सोसलं ते मी बघितलं आहे. तोंडात फोड आले, केस गेले, पायाची आग व्हायला लागली. काकू एसटीने येणाऱ्या कुणाबरोबर तरी ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायच्या. आण्णांना चटणीचा वासही सहन होत नव्हता. ती मला द्यायचे आणि फोनवर काकूंना सांगायचे, "लय झ्याक झाल्ती." त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. एकतीस हा आकडा त्यांनी देवासारखा धरला होता. कधी फारच मळमळलं की मला विचारायचे, "एकतीसच न्हवं?" मी म्हणायचे, "एकतीसच, आण्णा. आता अजून कमी झाली असेल." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं, ते आठवलं की आजही मला स्वतःची चीड येते.

जानेवारीच्या शेवटी एक दिवस ते माझ्या खोलीत आले, तेव्हा पहिल्या मजल्याचा जिना चढायला त्यांना तीनदा थांबावं लागलं होतं. स्टुलावर बसून कितीतरी वेळ नुसते धापा टाकत होते. मग म्हणाले, "ताई, आकडा बी कमी, दम बी कमी. ह्यातलं कायतरी एक खोटं हाय."

मी म्हटलं, औषधाचा थकवा असेल.

"थकवा मला कळतो. ह्यो थकवा न्हवं. दोन्ही फोटू शेजारी शेजारी लावा बगू."

मी लावले. डावीकडे श्रावणातला, उजवीकडे दिवाळीच्या आधीचा. आण्णांनी गाठीकडे बघितलंच नाही. ते वरचे काप मागायला लागले, जिथे श्वासनलिका दिसते. पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, "ही हवंची नळी न्हवं? ह्या फोटूत चपटी हाय. त्या फोटूत गोल हाय. एकाच मानसाची नळी अशी दोन तऱ्हंची कशी?"

मी दोन्ही काप मोठे करून बघितले. श्वास भरलेला असला की नळी गोल दिसते, सोडलेला असला की मागून चपटी होते. हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. श्वास सोडलेला असला की फुप्फुस आकसतं, गाठीच्या आसपासचा भाग मिटतो आणि गाठीतच मिसळून जातो. त्या मिटलेल्या भागाभोवती मी रेघ ओढली होती. दुसऱ्या वेळी छाती भरलेली होती, तो भाग उघडला आणि गाठ लहान दिसली.

"आण्णा," मी विचारलं, "पहिल्या वेळी मशीन म्हणालं श्वास रोका, तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

त्यांनी तसं करून दाखवलं. मान जराशी उजवीकडे वळली, ओठ मिटले आणि छाती भरायच्या ऐवजी खाली बसली. "आमाला धरा म्हनलं की आमी सोडतो, ताई. सोन्यावर तेजाब ओतलं की तांबडा धूर उठतो. त्या टायमाला दम भरला तर छाती जळती. म्हनून उस्तादानं पयल्याच दिवशी शिकिवलं, निम्मा दम सोडायचा, त्वांड फिरवायचं आन् मग धरायचं. पंचेचाळीस वर्सं तेच केलं. त्या आवाजानं 'रोकिए' म्हनलं, आन् माजं आपसूक झालं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दुसऱ्या येळला तुमी सांगितलं छाती भरा. मी भरली."

मी मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी पहिल्या चित्रातला मिटलेला भाग बारकाईने वेगळा काढला आणि फक्त गाठीभोवती स्वतः रेघ ओढली. तासभर लागला. आण्णा मागे उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. श्रावणातली गाठ अठ्ठावीस सीसी भरली. म्हणजे दिवाळीची एकतीस ही घट नव्हती, वाढ होती. औषध पहिल्यापासूनच लागू पडत नव्हतं. त्याच दुपारी नवा स्कॅन केला. चव्वेचाळीस.

मॅडम डॉक्टरांशी बोलायला गेल्या. खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी रडत होते आणि काहीतरी माफीचं बोलत होते. काय बोलले ते आठवत नाही. आण्णांनी मला थांबवलं नाही आणि समजावलंही नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "चुकी तुमची बी हाय आन् माजी बी. पन दिस माजं गेलं."

एवढं स्पष्ट मला आजवर कुणी सुनावलेलं नाही, आणि त्यात एक शब्दही जास्तीचा नव्हता.

डॉक्टरांनी त्यांना बोलावून सगळं सांगितलं. दुसरं औषध होतं, पण आता शरीराला ते झेपणार नव्हतं. दिवाळीलाच कळलं असतं तर काय झालं असतं, असं पुतण्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, आजार हटला नसता. आण्णा म्हणाले, "आजाराचं न्हवं वो, सायेब. दिवाळीला मी चालत हुतो."

जायच्या दिवशी पुतण्याने जीप आणली होती. ऑक्सिजनचं नळकांडं मागे बांधलं होतं. आण्णांनी मला खाली बोलावून घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील. तेवढ्यावर मी पुढची वर्षं काढू शकले असते. ते म्हणाले, "माजा फोटू त्या अभ्यासातनं काडून टाका."

मी म्हटलं, "आण्णा, आता रेघ दुरुस्त केली आहे."

"रेघ केली. दमाचं काय? एक निम्म्या दमाचा, एक भरल्या दमाचा. असली दोन वजनं एका तराजूत घालत न्हाईत. माज्यापायी दुसऱ्या कुनाचा आकडा चुकला तर?" मग म्हणाले, "लय वाटत हुतं, कायतरी कामी यावं. न्हाई आलो."

मी पुण्याच्या तज्ज्ञांना कळवलं. त्यांचंही म्हणणं तेच पडलं. दोन्ही वेळचा श्वास सारखा नसेल तर ती चित्रं अभ्यासात धरायची नाहीत, तसा नियमच करायला हवा. आण्णांची चित्रं, माझ्या रेघा आणि ते शंभरावर आकडे मीच यादीतून काढले. अभ्यास पुढे चालू राहिला. तो अजून चालू आहे. अजून तरी कुठली गाठ दाद देईल हे आम्हाला आधी सांगता येत नाही. मी आता प्रत्येक पेशंटच्या छातीकडे बघते आणि हिंदी आवाज बंद करून स्वतः सांगते. त्याने माझं मन हलकं होतं असं कुणी समजू नये. होत नाही.

आण्णा गावी गेल्यापासून नवव्या दिवशी गेले. पुतण्याचा फोन आला, तेव्हा मी मशीनवर होते. आत एक बाई झोपलेली होती आणि तिला श्वास धरायला सांगून झालं होतं. तिचा स्कॅन पूर्ण केला आणि मग फोन घेतला.

महिन्याभराने मी त्यांच्या गावी गेले. विट्यापर्यंत एक एसटी, मग मायणीची, मग तिठ्यावरून चालत. काकूंना सगळं खरं सांगायचं आणि त्यांच्या पाया पडायचं, असं मी ठरवलं होतं. वाटेभर शब्द जुळवत होते. दुसऱ्याने सांगण्याआधी आपण सांगावं, एवढीच माझी अक्कल.

घर दोन खोल्यांचं, पुढे म्हशींचा गोठा. आतल्या खोलीत आण्णांची आई अंथरुणावर होती. तिने विचारलं, कोण आलंय, आणि उत्तर ऐकायच्या आधीच डोळे मिटले. काकू बारीक चणीच्या, हातावर शेणाचे शिंतोडे. मी कोण ते पुतण्याने त्यांना आधीच कळवलं होतं. त्यांनी हात धुतले, मला घोंगडं टाकून दिलं आणि चहा ठेवला. मी सुरुवात केली, "काकू, मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. त्या चुलीपुढे बसून चहाकडे बघत बोलत होत्या. "त्यांनी समदं सांगितलं जाताना. म्हनलं, त्या रेश्माताईनी माजी गाठ मोजली, औषदानं ती कमी झाल्ती, म्हनून तीन म्हयनं जादा मिळालं. न्हाई तर दिवाळीलाच गेलो असतो. तुज्याकडं याया बी मिळालं नसतं, म्हनलं."

चहा उतू जायला लागला. त्यांनी पदराने पातेलं उतरवलं आणि दोन कपांत ओतला.

"मी रुसून बसल्ते हो दिवाळीला. म्हनलं, शबूद दिला आन् येत न्हाई ह्यो मानूस. पन बरं झालं, न्हाई आलं ते. तितं ऱ्हायलं म्हनून तर ह्ये नऊ दिस मिळालं मला. एका दमात नऊ दिस ह्या घरात ते कदी ऱ्हायलं नव्हतं." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "औषदानंच मिळालं न्हवं वो ताई?"

मी म्हटलं, "हो काकू. औषधानंच."